एक चांदणी

सिडकोत, पहाटेचे तीन.
डिस्क दहा दिवस नीट चालते,
अकराव्या दिवशी कुणाच्या तरी फाइलचं नाव
अर्धंच उरतं.

ओळ सापडली.
घरासाठी जागा मागायची,
तर मागितली पत्त्याच्या चिठ्ठीपुरती.
आठ बाइट.
त्यात छप्पन बाइटांचा संसार मांडला
आणि उरलेला सांडत राहिला
शेजारणीच्या ओट्यावर, बिनबोभाट.

तांबट आळीतले रंगनाथमामा म्हणायचे,
हंड्यावर नाव घालून देतो गं,
पण पाणी मोजशील ते हंड्याचं,
नावाचं नव्हे.

नावाआधी एक चांदणी टाइप केली.
इतकंच.
का केली, ते नीट लिहायला मात्र
गंगापूर धरणाचं पाणी नळाला येईपर्यंत
बसून होते.