उलटी बाजू

साखर पेठेत रात्रीचे अडीच.
डिस्कवर चाळीस जीबी,
रेसचं फुटेज तासाभराचं बाकी.

एफएफव्ही-वन जागा कमी खातो,
टाइमलाइनवर ओढला की धापा टाकतो.
युटी व्हिडिओ पळतो झकास
आणि डिस्क गिळतो.

"एमपीफोर कर बे," अंबादास म्हणतो, "कुणाला कळतंय?"

धुळीतली लाल गाडी
चौकोन चौकोन होते, मला कळतं.
बापू चादर आधी उलटी करूनच बघायचे,
गिऱ्हाईक बघो न बघो.

युटीच.
जागेसाठी जुनं उडवत गेलो,
एका क्लिपवर थांबलो:
माग चालू, बापू काहीतरी सांगतायत.
व्हॉट्सॅपवरून आलेली, आधीच अर्धी गळलेली,
ओठसुद्धा नीट दिसत नाहीत.

तीन एमबी.
ठेवली.