कोऱ्या सुताचा झुपका

पाणी पाचव्या दिवशी येतं आमच्या गल्लीत.
पहाटे तीनला. नळाला आधी खोकला, मग पाणी.
त्यातली एक घागर मी उघडी ठेवतो उन्हात
अख्खा दिवस, क्लोरीन उडावं म्हणून.
शेजारचा अंबादास म्हणतो, काय बे मास्तर,
माणसाला नाही अन् माशाला पाणी?
मागांच्या खडखडाटात गेलेले कान
अशा वेळी कामाला येतात.

अंडी सुतावर घातली तिनं.
झुपका मीच बांधला होता, कोऱ्या सुताचा.
रंगीत चालत नाही. तीस वर्षं रंगखान्यात काढली,
मला ठाऊक आहे, पक्का म्हणून विकलेला रंगसुद्धा
पाण्यात गेल्यावर थोडं थोडं खरं बोलतो.

सकाळी पाहिलं तर सुतावर राजगिरा, काचेचा,
आणि आईबाप तोच खात सुटलेले.
झुपका उचलला, धुण्याच्या टबात ठेवला.
त्यांना कोण सांगणार, तुमचीच आहेत म्हणून.

तिसऱ्या दिवशी टबाच्या कडेला
पापण्यांचे केस चिकटलेले.
प्रत्येक केसाला दोन डोळे.
सात रस्त्याचा बशीर म्हणाला, दोन दिवस काही देऊ नका,
पोटाशी शिदोरी बांधूनच येतात ते.

मग पोशव्वानं अंडं उकडलं.
बलक टॉवेलच्या तुकड्यातून पाण्यात पिळायचा,
धुक्याएवढाच. जास्त झाला की पाणी नासतं.
द्या, मी पिळते, म्हणाली
आणि आपणच थांबली.
तिच्या बोटांत चाळीस वर्षांची तंबाखू.
रोज हजार विड्या. साबणानं जात नाही.
आमच्या भाकरीलाही येत असेल वास,
आम्हाला कळत नाही एवढंच.
मी हात पुढे केला.
नखांच्या मुळाशी अजून निळा आहे.
कारखाना बंद होऊन सहा वर्षं झाली.

दोघंही बसून राहिलो टबाशी, हात मांडीवर,
देवापुढे पारोसे आल्यासारखे.

शेवटी नातीला हाक मारली.
अखिलाच्या हातावर पेन्सिलीची काजळी,
ती धुतली की गेली.
तिनं पिळलं. टबात ढग उतरला
आणि पापण्या हलल्या.

तीनशेतले एकशेचाळीस राहिले.
मग एप्रिल. पत्रे तापून टिकटिक वाजायचे.
टबावर ओली चादर घातली, तरी एका दुपारी
नव्वद गेले. चमच्यानं काढले.
चादर पुन्हा भिजवली.

राहिले ते करडे, ओढ्यातल्या माशासारखे.
आजोबा, सोनेरी कधी?
मला येतो रंग चढवायला: मीठ, सोडा, साठ अंश,
पाऊण तास ढवळत राहायचं.
हा तसला नाही, म्हटलं.
हा आधी काळा पडतो, मग पोटाकडून उजळतो.
कोण ढवळतं?
कुणीच नाही.
तिला ते पटलं नाही. मलाही पूर्ण नाही.

काल एकाच्या पोटाला हळद लागली.
बशीर म्हणतो, आता निवडा,
वाकड्या शेपटीचे काढून टाका, जागा खातात.
निवड मला माहीत आहे. सेकंड माल
वेगळ्या ढिगात पडायचा, किलोवर जायचा,
आणि आमच्या घरातली प्रत्येक चादर त्याच ढिगातली.

जाळी हातात घेऊन बराच वेळ उभा होतो.
पोशव्वा उंबऱ्यात सूप घेऊन बसलेली,
पानं कापता कापता, वर न बघता म्हणाली,
त्या वाकड्याला आधी द्यायला सांगा पोरीला,
त्याला पोचेपर्यंत संपतं.