पट्टी

दर मे महिन्यात आयर्विनच्या खांबावर
मी आकडे नव्यानं रंगवतो.
चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका.
डबा खात्याचा, ब्रश माझा.

दोरीवर लोंबकळताना खाली नाला दिसतो,
तोंडाशी जलपर्णी, काठ दाबून कुणाचे तरी दुकानगाळे.
कागदावर तो दोनदा उपसून झालाय.
गाळाची बिलं निघाली,
गाळ बसून आहे.

वग्याणी साहेबांना विचारलं.
म्हणाले, नाला महापालिकेचा, नदी आमची.

पाण्याला हे कुणी कळवलं नव्हतं.
काकानगरात माझ्या घरी आलं
ते मीटरच्या पेटीपर्यंत चढलं,
कुठल्या खात्याचं, ते न सांगता.

यंदा वर्कऑर्डर आलीय:
पट्टी वरच्या बाजूला
पाच फूट वाढवावी.