आवक नोंद

त्र्याहत्तर साल. उद्यमबागेतली फौंड्री, मी स्टोअरकीपर.
सकाळी काट्यावर ट्रक चढला, दारूखान्याहून आलेला,
रात्रभर घाट चढून तापलेला.
मी लिहिलं: जहाजी पत्रा, साडेतीन टन.
शेऱ्याच्या रकान्यात: गंज बेताचा.

कुपोल्यावर कोळसा घालायचा लुमाण्णा पावशे, उचगावचा.
त्यानं एक तुकडा उलटा केला
आणि अंगठा फिरवत राहिला
वीतवीत अंतरावरच्या आडव्या जाड पट्ट्यांवरून.
“खेचरं घसरू नयेत म्हणून. ही जीभ हाय त्याची.
तोंड उघडलं की ही भाईर.”

तेच जहाज का, मी विचारलं.
“कुणाला ठावं. शेकड्यानं होती.
नाव नसायचं, नंबर असायचा.”

समुद्रापासून हजार मैल आत, मक्याच्या शेतांमधल्या
कुठल्याशा नदीकाठी ते जन्मलं.
तळ परातीसारखा सपाट,
म्हणून भर दर्यात दारुड्यासारखं झोकांडायचं
आणि उथळ पाण्यात शहाणं व्हायचं:
मागे नांगर टाकत पूर्ण वेगानं काठावर जायचं,
वाळूत नाक खुपसून जीभ टाकायचं,
पोट रिकामं झालं की
नांगराच्या साखळीला धरून स्वतःलाच मागे ओढायचं.
बर्मेच्या काठाला दोन वर्षं.
रणगाडे, खेचरं, तांदूळ,
आपल्या कॅम्पातून गेलेली पलटणीची पोरं.
परतीला रणगाड्यांच्या जागेत स्ट्रेचर, तीन थर.
लढाई संपल्यावर कैदी. मग सिमेंट.
मग नुसतं बांधून ठेवलेलं.

लुमाण्णा खाली, इंजिनात.
“अकरा काठ केलो बघा. एकबी बघितलो न्हाई.”
काठ म्हणजे तळाखाली खर्रर्र,
मग डोक्यावर बूट.
बूट तो मोजायचा. कुणी सांगितलं नव्हतं.

सातव्या वेळी खर्रर्र लवकर आलं.
तो वाळूचा दांडा होता. काठ अजून पुढे,
मधे पाणी, अंधार.
वरच्यांना वाटलं, लागलो.
एकवीस बूट मोजले त्यानं, बाविसावा वाजला नाही.
मग कुणीतरी ओरडलं, आणि इंजिन उलटं फिरवा, हुकूम आला.
“विहिरीत बी पोहाय न शिकलेली पोरं.
वर पाठीवर वझं.”
किती वर आली, ते खाली कळलं नाही.
नंतर त्यानं विचारलं नाही.

दारूखान्यातसुद्धा ते तसंच गेलं असणार,
भरती बघून, नाक काठात.
शिकवलेलं तेच.
या वेळी मागे नांगर तेवढा टाकला नव्हता.

तीन वाजता कुपोल्याची धार सोडली.
पंपांची घरं झाली त्याची, उसाच्या चरकाची चाकं,
काही गोकाकला गेली, काही गडहिंग्लजला.
चलन दोन्हीकडचं मीच फाडलं.

एक तुकडा मात्र लुमाण्णा सायकलला बांधून घेऊन गेला.
मालकाला विचारलं नाही, मीही नाही.
रजिस्टरात लिहिलं: घट, अकरा किलो.

दिवाळीला त्याच्याकडे गेलो, तेव्हा
गोठ्याच्या दारात तो तुकडा उतरता बसवलेला,
पट्ट्या वर करून.
म्हैस तिथं येऊन थांबली,
एक खूर पुढे टाकून अंदाज घेतला,
लुमाण्णा गप्प उभा होता, कासरा सैल सोडून.
मग ती उतरली.