ताटलीतले चिंचोके

पंखा बंद ठेवायचा, हा पहिला नियम.
पत्ते उडतात.
मे महिन्यात, सहकारनगरच्या तिसऱ्या मजल्यावर
आम्ही चौघं घामाघूम, मध्ये पितळी ताटली,
आणि पैशांऐवजी चिंचोके,
प्रत्येकी दोनशे, मोजून, रुमालात बांधलेले.

उपळेकर बाई बत्तीस वर्षं संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झाल्या.
पोकर कुठे शिकल्या, ते सांगत नाहीत.

"दहा वेळा पानं आली तर आठ वेळा टाकून दे.
कंटाळा आला म्हणून खेळायचं नसतं.
कंटाळा आला तर खिडकीतून पर्वती बघ."
किलवरची सत्ती, चौकटची दुर्री
उपडी ठेवून मी पर्वती बघतो.
गेल्या पावसाळ्यापासून पुष्कळ बघितली.

मी कवळ्या बनवतो, शनिपाराजवळ.
माणसाचं तोंड मला वाचता येतं असं वाटायचं.
"तोंडं सगळेच सांभाळतात. हात बघ.
मुजावर चिंचोके रचून ठेवतो
तेव्हा त्याच्याकडे खरंच काही असतं.
भसकन ओततो, तेव्हा झाकली मूठ."
मुजावर हसला. घड्याळं दुरुस्त करणारा माणूस,
पुढच्या बुधवारपासून उलटं करू लागला.

जागेचं असं:
सोसायटीच्या सभेत जो शेवटी बोलतो
त्याचं सगळ्यांचं ऐकून झालेलं असतं.
त्याला हलकं पानही पुरतं.
आधी तोंड उघडायचं असेल
तर हातात वजन हवं.

एकदा माझी चार बदामं झाली होती, पाचव्याची वाट बघत होतो.
ताटलीत साठ. सोनल ओसवालने वर साठ टाकले.
मी रुमालाला हात घातला.
"थांब. साठ घालून एकशेवीस मिळवायला निघालास.
तीनांत एकदा तरी जमलं पाहिजे.
तुझं बदाम पाचांत एकदा येतं.
ह्याला आमच्याकडे आतबट्ट्याचा व्यवहार म्हणतात."
"पण मी आधीच चाळीस घातलेत."
"ताटलीतले तुझे नाहीत.
टाकलेस, तेव्हाच तुझे राहिले नाहीत."

मी पानं टाकली.
(पुढचं पान बदामच आलं.
बाईंनी त्याकडे पाहिलंसुद्धा नाही.)

मग तो बुधवार. माझे दोन राजे, मुजावरच्या दोन राण्या,
सगळा रुमाल ताटलीत,
आणि अगदी शेवटच्या पानाला
तिसरी राणी, इस्पिकची, शांत चेहऱ्याची.
मुजावरने दोन्ही हातांनी ओढून घेतले. मी म्हणालो, वाटा. लगेच वाटा.
बाईंनी पत्ते मांडीखाली घेतले.
"ऊठ. पाणी पी. गच्चीवर जा.
कान थंड झाले की खाली ये.
आणि वहीत लिही: बरोबर खेळलो."
"हरलो की."
"तो वेगळा रकाना."

गच्चीवर तळजाईकडून मोर ओरडत होता, रात्री अकराला.
माझ्या लॅबला तिसरं वर्ष लागलं होतं.
भट्टीचे हप्ते, गाळ्याचं भाडं,
आणि तो भागीदार, जो दर महिन्याला म्हणतो
इतकं घातलंय, आता मागे कसं फिरायचं.
मी बोटांवर हिशोब केला.
पाचांत एकदासुद्धा येत नव्हतं.
मग परत केला, कारण भट्टी मी स्वतः निवडलेली.
तेच आलं.

खाली आलो तर सोनल चहा गाळत होती.
बाईंची वही उघडी पडलेली,
अकरा वर्षांचे बुधवार, बारीक अक्षर, लाल रेघा,
तळाशी बेरीज: अधिक दोनशे सहा.
मी म्हणालो, अकरा वर्षांत फक्त दोनशे सहा चिंचोके?

बाईंनी चष्मा पुसला.
"आणि त्यात चहासाखर धरलेली नाही," म्हणाल्या,
"बस. वाटते."