आळशी माणसाचे आभार

सीटखाली, जिथे नळ्या येऊन मिळतात,
तिथे आधी एक फोड आला. मसुराएवढा.
नखाने दाबला. आत मऊ.
ओस्टेंडमध्ये राहायचं तर मिठाशी भांडून चालत नाही,
समुद्र इथे खिडकीच्या बिजागरीतही येऊन बसतो.
तरी मला वाटलं, पावडर कोटिंग आहे,
वान्नेस म्हणाला होता, पन्नास वर्षं बघायला नको.

बारा झाली.

मग त्या फोडाला पाय फुटले.
बारीक रेषा, वळवळत, नारिंगी चकाकीच्या खालून,
अळीने पान पोखरत जावं तशा.
आणि मार्चमधल्या एका ओल्या सकाळी
हँडलखालचा अख्खा पोपडा माझ्या हातमोज्याला चिकटून आला,
उकडलेल्या अंड्याचं टरफल यावं तसा,
आतून गंजाने तपकिरी.

सायकल बाबांची. गोदीत वजनकाट्यावर होते.
अठ्ठावन्न साली तीन महिन्यांचा पगार मोजून
टोरहाउट रस्त्यावरच्या कारागिराकडून बांधून घेतलेली.
ते गेले त्या हिवाळ्यात वान्नेसने ती न विचारता नेली
आणि नारिंगी करून आणली.
फाटकाशी उभा राहिला, हसत.
मी म्हटलं, छान आहे.
एवढंच. आणि मग बारा वर्षं
आम्ही दोघं त्या छानवरून घसरत राहिलो.

शेजारचा फेर्डी म्हणतो, वरून रंगाचा हात मार.
सारवासारव आमच्या घरात काय कमी झाली!
ब्रेडेनच्या वर्कशॉपमधली गोंदवलेल्या हातांची मुलगी
पोपडा बोटांत मोडून बघते.
वाळूचा मारा केलाच नाही तुमच्या माणसाने,
नुसता पॉलिश पेपर फिरवला आणि भट्टीत घातली.
धरणार कशाला ते?
एकशे ऐंशी युरो, जस्ताच्या अस्तरासकट.
मी म्हणते, आधी मी बघते.

मागच्या अंगणात, पलीकडे ट्रामची घरघर,
कालवं उघडायच्या बाबांच्या सुरीने मी कड शोधते.
खाली गंज असेल तिथे नारिंगी आपणहून सुटतं.
नसेल तिथे हट्टी. तिथे जेल लावायचं,
नाकाला फडकं बांधून वाट बघायची.
तिसऱ्या दिवशी, मागच्या चाकाकडे उतरणाऱ्या नळीवर
नारिंगीखालून लोखंड निघालं नाही.
निळं निघालं.

दोनशे अंश सोसलेलं, करपट,
कडेला चहाच्या डागासारखं झालेलं निळं,
आणि त्यावर केसाएवढी सोनेरी रेघ.
हाताने ओढलेली. एका जागी थरथरलेली.

म्हणजे त्या माणसाने काम चोख केलं असतं,
वाळू मारून लोखंड राखेसारखं उघडं केलं असतं,
तर कोटिंग खरंच पन्नास वर्षं टिकलं असतं
आणि मी नारिंगी सायकलवरून मासळीबाजारात
जात राहिले असते, छान म्हणत.
कोण होता कोण जाणे. घाईत असेल,
दुपारच्या जेवणाची वेळ झाली असेल.
देव त्याचं भलं करो.

वान्नेसला फोटो पाठवला.
रात्री त्याचा फोन. बराच वेळ नुसता श्वास.
मग म्हणाला, पण तूच म्हणाली होतीस.
काय म्हणाले होते?
आठ वर्षांची होतीस. खिडकीत बसून म्हणायचीस,
ही सायकल नारिंगी असती
तर धुक्यात बाबा लांबूनच दिसले असते.

मला आठवत नाही.
अजून आठवत नाही.

सुरी पुसून ठेवली.
पुढच्या नळीवर वीतभर नारिंगी शिल्लक आहे,
घट्ट धरून बसलेलं. ठोकून पाहिलं, पोकळ वाजत नाही.
बाहेर बंदरावरून धुकं चढतंय.
उद्या बघू.