तिथीची पाऊणपट

कंपनीच्या कागदावर माझं पद होतं : समुद्र सल्लागार.
दिवसाचे अडीच हजार, नाश्ता, जेवण,
आणि गळ्यात लटकवायला माझाच फोटो.
तांबळडेगात मी नुसता बाबल तांडेल,
मोतीबिंदू झाल्यापासून
उंडलीच्या सावलीत जाळ्याची भोकं सांधणारा.

त्यांना पहाट हवी होती आणि ओहोटी हवी होती,
दोन्ही एकाच वेळी.
मोबाइलमध्ये तक्ते होते, ते वाचायला
पुण्याचा एक चष्मेवाला मुलगा होता.
तरी विचारलं. म्हटलं, तिथीची पाऊणपट करा.
अष्टमीला आठाची सहा : सहाला भरती.
पुनवेला पंधराची सव्वाअकरा,
म्हणजे सव्वापाचला सुकती. पुनवेला या.
मुलाने तक्ता पाहिला, मग मला पाहिलं,
मग चष्मा पुसला.

गलबत एकाच बाजूचं होतं.
कॅमेऱ्याकडे सागवान, तोफांची तोंडं, नाळेवर वाघाचं डोकं.
पलीकडे बांबू, सुतळी,
आणि सावलीत झोपलेले आमच्याच गावचे मेलेले सैनिक.
मरायचे सातशे. रक्त लावलं तर वर दीडशे.
रुझार चार दिवसांत नऊ वेळा मेला
आणि छपराला पत्रे घातले.
काशीबाय कुंपणापाशी येऊन रोज विचारायची,
बायको नव्हती काय रे ह्येंका कोणाक?

घोडे कोल्हापूरकडचे. लाट पाहून मागे सरायचे.
दस्तगीर नावाचा त्यांचा माणूस
दोन रात्री त्यांना घेऊन पाण्याच्या काठाशी बसला,
नाकपुड्यांवर हात ठेवून, काहीबाही बोलत.
त्याचं पद कागदावर काय होतं
विचारायचं राहिलं.

पुनव आली. तीनशे माणसं, फायबरच्या ढाली,
वाळूवर धूर सोडणारी दोन यंत्रं.
सूर्य वर आला तेव्हा पाणी वळलेलं होतं;
मला पायाच्या अंगठ्याला कळलं.
शॉट झाला. सगळे ओरडले, छान झाला.
डायरेक्टर खुर्चीवर उभे राहिले आणि भोंग्यातून म्हणाले,
एकदाच. अजून एकदाच.
सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं,
जणू मी कुठला तरी नळ बंद करणार होतो.
म्हटलं, साहेब, दर्यो रिटेक देणा नाय.
मुलाने त्याचं हिंदी केलं. हिंदीत ते बरंच नम्र झालं.
तोवर घोट्यापर्यंत आलं होतं.
मेलेले आधी उठले.

दुपारी वाळूत बसून वडापाव खाताना
लेखकाला विचारलं : त्या खऱ्या आरमारात
पाऊणपट करणारा कोणीतरी असणारच ना?
त्याशिवाय एवढी तारवं खाडीबाहेर काढली कोणी?
ते म्हणाले, असणार.
मग म्हणाले, बखरीत नाही.
मग चटणी संपली का ते बघायला गेले.

आता सगळं गेलंय.
जाळ्यात अजून थर्माकोलचे दाणे येतात, बांगड्यांच्या पोटातही.
रुझारच्या पोराकडे रबरी तलवार आहे, तिने तो कोंबड्या हाकतो.
मे महिन्यात गाड्या यायला लागल्या.
काच खाली करून विचारतात, लढाई कुठे झाली?
आमच्या गावात कधीच लढाई झालेली नाही.
पहिल्या दोघांना मी तसं सांगितलं.
त्यांचे चेहरे पडले, मुलं मागच्या सीटवर गप्प झाली.

तिसऱ्यापासून हात करून दाखवतो :
ती तिकडे. गलबत रोवायला खणलेला खड्डा आहे ना, तिथे.
आज तृतीया. आता जाल तर पाण्याखाली असेल.
साडेआठला या,
खड्ड्यात कुर्ल्या असतात.